सभामंडपाच्या भिंतीवर पाऊस, वारा आणि पूर : पुराणकथा रंगवताना देव दाखवावा की त्याची शक्ती?

प्रश्न : चित्रकला शिक्षक, पवनी तालुका

सर्वांना नमस्कार. वैनगंगेच्या काठावरील आमच्या गावात हनुमान मंदिरासमोर नवा सभामंडप बांधून झाला आहे. त्याची आतील एक लांब भिंत आणि बाहेरची पश्चिमेकडील भिंत रंगवण्याचे काम मंदिर समितीने माझ्यावर सोपवले असून, पुराणकथा आणि निसर्गाच्या शक्ती हा विषयही समितीनेच ठरवून दिला आहे. विषयाबद्दल कोणाची तक्रार नाही. वाद आहे तो चित्र कसे असावे याबद्दल.

ज्येष्ठ मंडळींच्या मनात कॅलेंडरावरच्या देवता आहेत, म्हणजे ऐरावतावर इंद्र, मगरीवर वरुण, मेंढ्यावर अग्नी आणि हरणावर वायू, प्रत्येकाच्या मागे प्रभावळ आणि खाली ठळक अक्षरांत नाव. तरुण मंडळींचे म्हणणे असे की, ऑगस्ट २०२० च्या अखेरीस ज्यांनी वैनगंगेचे पाणी घरात शिरताना पाहिले आणि हातातोंडाशी आलेला धान ज्यांच्या डोळ्यांदेखत बुडाला, त्यांना मगरीवर निवांत बसलेला वरुण दाखवून पाण्याचे बळ पटणार नाही. मला दोन्ही बाजू पटतात आणि अडचण नेमकी तीच आहे.

गोवर्धनधारण, गंगावतरण आणि समुद्रमंथन यांची कच्ची रेखाटने मी केली आहेत. परंतु तिन्हींमध्ये माणसे ठसठशीत आणि पाणी मात्र वाळत घातलेल्या निळ्या चादरीसारखे दिसते. जुन्या चित्रकारांनी पाऊस, वारा, वणवा यांचे सामर्थ्य नेमके कशाच्या आधारे दाखवले, हे जाणकारांनी सांगावे. गावात गोंड समाजाची घरेही बरीच आहेत आणि त्यांचे श्रद्धास्थान असलेल्या कचारगडच्या गुहेची कथा भिंतीवर असावी अशी काहींची सूचना आहे. ती मी घ्यावी का, आणि घेतल्यास कशी, याबद्दलही मार्गदर्शन हवे आहे.

उत्तर : पडदेवाला, देसाईगंज-वडसा

सर, नमस्कार. मी झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातील, नाटकांचे पडदे रंगवतो, त्यामुळे माझे उत्तर पुस्तकी कमी आणि हाताचे जास्त असेल. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या, दिवसांत रात्रभर चालणाऱ्या नाटकाचा प्रेक्षक पडद्यापासून बराच लांब बसलेला असतो; त्याच्यासाठी पावसाची रेघन् रेघ काढली तरी ती दिसत नाही. म्हणून आमच्याकडे शिकाऊ पोराला पहिल्यांदा सांगतात की आधी झाड वाकव, बाईचा पदर उडव, बैलाला पाठ फिरवून उभा कर, आणि मग उरल्या जागेत पाऊस काढ.

हे शहाणपण आमचे नव्हे. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात व्हरांड्याच्या भिंतीवर आकाशातून येणारा इंद्र आणि त्याच्यासोबतच्या अप्सरा आहेत. त्यांतील एका अप्सरेच्या गळ्यातील मोत्यांचे सर छातीवर सरळ न पडता एका अंगाला कलले आहेत, आणि तेवढ्यावरून ती वेगाने निघाली आहे हे पाहणाऱ्याला कळते. चित्रकाराने वारा म्हणून एकही रेघ काढलेली नाही. हे लेणे ज्याच्या काळात घडले तो हरिषेण राजा वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा, म्हणजे आपल्या वाशीमचा होता. तेव्हा समितीतील कोणी हे उदाहरण परमुलखातले म्हणू लागल्यास त्यांना एवढे अवश्य सांगावे.

पावसासाठी राजस्थानी आणि पहाडी लघुचित्रे पाहावीत. त्यांत काळ्या-निळ्या ढगांची उतरंड असते, ढगात सोनेरी नागमोडी रेघेची वीज असते, आणि त्या काळोखावर पांढऱ्या बगळ्यांची एक रांग उडताना दिसते. त्या पांढऱ्या ठिपक्यांमुळे ढग आहे त्याहून काळा वाटतो. आपल्याकडे रोवणीच्या वेळी धानाच्या बांधीत बगळे असतातच, त्यामुळे ही युक्ती गावकऱ्यांना समजावून सांगण्याचीही गरज पडणार नाही.

गोवर्धनाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमची मुख्य भिंत तीच असावी असे मला वाटते. अकबराच्या काळात हरिवंशाच्या फारसी भाषांतरासाठी साधारण १५९० ते १५९५ च्या सुमारास काढलेले गोवर्धनाचे एक चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे आणि ते मिस्कीन या चित्रकाराचे मानले जाते. त्यात डोंगर म्हणजे नुसता हिरवा ढीग नाही. त्याला कडे आहेत, कपारी आहेत, झाडेझुडपे आहेत, आणि त्याच्याखाली माणसे व गाईगुरे दाटीवाटीने उभी आहेत. ज्या चित्रात डोंगराचे वजन जाणवत नाही त्यात कृष्णाच्या करंगळीलाही मोल राहत नाही. तुम्ही डोंगराखाली आपल्या गावची माणसे उभी करा, कोणाच्या डोक्यावर पोते, कोणाच्या कडेवर बकरीचे पिल्लू, कोणी म्हातारीला धरून आणलेले, आणि इंद्राला कोपऱ्यात जागा मिळाली तर मिळाली.

अग्नीसाठीही मेंढ्यावरच्या देवाची गरज नाही. कृष्णाने दावानल गिळल्याची भागवतातील कथा पहाडी चित्रकारांनी अनेकदा रंगवली आहे. गाई आणि गोपाळ मध्ये, भोवती ज्वाळांचे कडे. मोहफुलांच्या दिवसांत पालापाचोळा पेटवल्यामुळे लागणारे वणवे आपल्या जंगलाच्या कडेच्या प्रत्येक गावाने पाहिलेले आहेत. त्या चित्रात मोहाचे झाड काढले, तर ते कोणाला उद्देशून आहे हे न लिहिताही समजेल.

उत्तर : निवृत्त कलाशिक्षिका, काटोल

वडशाच्या भाऊंनी सांगितलेल्या युक्त्या उत्तम आहेत, पण इंद्राला कोपऱ्यात ढकलण्याच्या त्यांच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. सभामंडप हे चित्रप्रदर्शनाचे दालन नव्हे. तेथे आलेल्या बाईला हात जोडायला समोर कोणीतरी लागते, आणि ज्येष्ठ मंडळी चेहऱ्याचा आग्रह धरतात तो केवळ सवयीचा भाग म्हणून सोडून देता येणार नाही.

ज्या कॅलेंडरांची थट्टा आपण सहज करतो त्यांचा इतिहासही ध्यानात घ्यावा. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना सुरू केला आणि त्यानंतर, ज्यांना देवळात प्रवेशही मिळत नव्हता अशांच्या घरातसुद्धा स्वस्त छापील चित्रांच्या रूपाने देव पोहोचला. त्यांचे गंगावतरण आठवून पाहा. शंकर पाय रोवून वर पाहत उभे आहेत, एका बाजूला नंदीजवळ पार्वती, दुसऱ्या बाजूला हात जोडलेला भगीरथ, आणि गंगा स्त्रीरूपाने आकाशातून उतरते आहे. या चित्रात पाण्याचा लोंढा जाणवत नाही, हे मला मान्य आहे. तुमच्या रेखाटनातील दोष बहुधा याच चित्रातून आलेला असावा. परंतु त्यांच्याच उत्तरायुष्यातील राम आणि वरुण यांचे चित्र पाहिले, तर सागर खवळलेला आहे, आभाळ काळवंडलेले आहे, किनाऱ्यावर राम धनुष्य ताणून उभा आहे आणि वरुण लाटांतून हात जोडत वर येतो आहे. येथे देवाला चेहराही आहे आणि समुद्राला बळही आहे. समितीपुढे ठेवायचे झाल्यास मी हेच चित्र ठेवीन.

चेहरा आणि शक्ती यांचा मेळ इतरत्रही घातला गेला आहे. जपानमध्ये सतराव्या शतकात सोतात्सू या चित्रकाराने सोनेरी पडद्यांच्या जोडीवर वायुदेव आणि मेघगर्जनेचा देव रंगवले. ती जोडी क्योतो येथील केन्निन-जी या मंदिराची आहे. एकाने वाऱ्याने फुगलेली पिशवी दोन्ही हातांनी धरली आहे, दुसऱ्याभोवती ढोलांचे कडे आहे, आणि दोघांच्या मध्ये नुसते सोनेरी आकाश मोकळे सोडले आहे. ती मोकळी जागाच सर्वांत बोलकी आहे. आपल्याकडचे भिंतचित्रकार मोकळी जागा दिसली की तेथे कमळ काढतात, तेवढे कृपया टाळावे.

देव अजिबात न दाखवता पुराण रंगवण्याचे सर्वांत धाडसी उदाहरण हवे असेल, तर ते गुलेरच्या माणकू या पहाडी चित्रकाराचे आहे. साधारण १७४० च्या सुमाराचे त्याचे हिरण्यगर्भ वाराणसीच्या भारत कला भवनात आहे, आणि त्यात भोवऱ्या-भोवऱ्यांनी भरलेल्या आदिजलावर तरंगणारे एक सोनेरी अंडे, एवढेच आहे. मला ते अतिशय प्रिय आहे; तरीही ते हातात धरून पाहण्याच्या आकाराचे चित्र आहे, आणि गावच्या मंडपाच्या भिंतीवर ते मोठे करून काढल्यास लोक पहिला प्रश्न अंडे कशाला काढले हाच विचारतील.

पुरासाठी मात्र मी एक वेगळी कथा सुचवते. वरुण सोडून द्या आणि वसुदेव घ्या. श्रावणातली काळी रात्र, दुथडी भरलेली यमुना, पाठीमागे शेषाची फणा, आणि टोपलीतल्या बाळाला डोक्यावर धरून गळ्यापर्यंत पाण्यात उतरलेला बाप. पुराच्या पाण्यातून लेकरू खांद्यावर घेऊन गेलेला माणूस तुमच्या गावात नक्की असेल. ज्येष्ठांना त्यात कृष्ण मिळतो आणि तरुणांना वैनगंगा.

मांडणीबाबत एक शब्द. श्रावणात घरोघरी लावला जाणारा जिवतीचा कागद पाहा. नरसिंह, कालियामर्दन, मुलांसह जरा-जिवंतिका, हत्तीवरचा बुध आणि वाघावरचा बृहस्पती, प्रत्येकाला स्वतःचा चौकोन. एका हातभर कागदाला ते शोभते. लांब भिंतीवर मात्र असे चौकोन पाडल्यास वारा एका चौकोनात सुरू होऊन तेथेच थांबतो. अजिंठ्यात कथा चौकटीत कोंडलेल्या नाहीत. एक प्रसंग संपून दुसरा सुरू होतो तो एखाद्या खडकाशी, झाडाशी किंवा दाराशी, आणि तोच मनुष्य पुढे पुन्हा दिसतो. तुमच्या भिंतीवर नदी हीच सर्व कथांना जोडणारी रेषा होऊ शकेल.

उत्तर : कोयावंशी, सालेकसा

जय सेवा. कचारगडच्या कथेबद्दल विचारले आहे म्हणून लिहितो. आमच्या तालुक्यात दरेकशाजवळ डोंगरात ती गुहा आहे, आणि माघ पौर्णिमेला तेथे अनेक राज्यांतून समाज येतो, हे बहुतेकांना ठाऊक आहे. कथा थोडक्यात अशी सांगितली जाते की, माता कली कंकालीची बाळे गुहेत कोंडली गेली आणि तोंडावर प्रचंड शिळा आली. आमचे आद्य धर्मगुरू पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांच्या सुटकेचा मार्ग शोधला. हिरासुका पाटालीर याच्या किंगरी या तंतुवाद्याच्या सुरांनी ती शिळा हलली आणि बाळे बाहेर आली, मात्र शिळेखाली सापडून हिरासुकाने प्राण गमावले. गावोगावी तपशील थोडे वेगळे ऐकायला मिळतात.

या कथेत निसर्गाची शक्ती म्हणजे डोंगर, आणि तिच्यासमोर उभा ठाकलेला आहे तो सूर. चित्रकार म्हणून तुमच्यासमोर खरा प्रश्न सूर कसा रंगवायचा हा आहे. त्याऐवजी पुष्कळ लोक फणा, मुकुट आणि चार हात असलेले देव काढून त्यांना गोंडी नावे देतात, आणि त्याचे आम्हाला वाईट वाटते. आमचा मुख्य देव बडादेव आमच्यासाठी साजाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडाशी जोडलेला आहे. त्याला कॅलेंडरावरच्या देवासारखा चेहरा देण्याची आमची रीत नाही. काटोलच्या ताईंनी चेहऱ्याबद्दल जे लिहिले ते त्यांच्या परंपरेपुरते योग्य असेल, पण कचारगडच्या भागात ते लागू करू नये.

दुसरी गोष्ट शैलीची. आजकाल कुठेही हरणाच्या शिंगांतून झाड काढायचे, अंगात ठिपके भरायचे आणि त्याला गोंड चित्र म्हणायचे असे झाले आहे. ही चित्रशैली मध्य प्रदेशातील पाटणगढच्या परधान गोंडांची आहे, आणि तिला आजचे रूप दिले ते जनगडसिंह श्याम यांनी. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकाच्या आरंभी ते भोपाळच्या भारत भवनात आले, १९८९ मध्ये त्यांची चित्रे पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात होती, आणि २००१ मध्ये जपानमध्ये त्यांचा मृत्यू झाला. परधान हे बाना हे तंतुवाद्य वाजवून गोंडांच्या कथा गाणारे. ज्या देवांचे आजवर फक्त गाणे होते त्यांना जनगडांनी रूप दिले, आणि त्यासाठी त्यांनी ठिपक्यांची व रेघांची जी भरण शोधली ती त्यांची स्वतःची होती. त्यांच्यानंतरच्या पाटणगढच्या चित्रकारांनीही आपापली वेगळी भरण ठेवली. तेव्हा ती उचलून भंडाऱ्याच्या भिंतीवर चिकटवणे मला बरोबर वाटत नाही.

माझा सल्ला असा की, गावातील भुमका (आमचा पुजारी) आणि जाणत्या मंडळींसोबत बसून आधी कथा ऐका, त्यांची संमती घ्या, आणि शक्य असल्यास त्या भागातील रेषा समाजातील मुलांच्याच हातून काढून घ्या. शिळा मोठी काढा. किंगरी लहान काढा. मधली जागा कशी भरायची ते मुले ठरवतील.

प्रश्नकर्ता : चित्रकला शिक्षक, पवनी तालुका

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. वसुदेवाची सूचना समितीच्या बैठकीत ठेवली आणि दोन्ही बाजूंनी ती उचलून धरली. २०२० च्या पुराचे पाणी जुन्या देवळाच्या भिंतीवर जेथवर चढले होते तो मळकट पट्टा अजून पुसटसा दिसतो; मंडपाच्या भिंतीवर यमुनेचे पाणी जमिनीपासून त्याच उंचीवर ठेवावे असे तरुणांनी सुचवले आणि मी ते स्वीकारले आहे. इंद्र राहील, पण ढगातच, आणि त्याचा आकार वसुदेवापेक्षा मोठा असणार नाही. कचारगडच्या भागासाठी समाजातील ज्येष्ठांची भेट पुढील आठवड्यात ठरली आहे.

समितीतील एका सदस्याने, विदर्भातील कथा हवी तर लोणारही घ्या, असे म्हटले आहे. लवणासुराचा वध आणि उल्कापात ही दोन्ही चित्रे शेजारी-शेजारी काढावीत का? शिवाय भिंतीच्या तयारीचा प्रश्न उरतोच. गिलावा नवा असून पश्चिमेच्या भिंतीवर पावसाचा थेट मारा होतो.

उत्तर : भूगोल शिक्षक, मेहकर

लोणार आमच्या शेजारचे, म्हणून लिहितो. कथेप्रमाणे लवणासुर जमिनीखाली दडून बसत असे. विष्णूने दैत्यसूदनाच्या रूपात येऊन वरचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडवले आणि त्याला मारले. सरोवराचे पाणी म्हणजे त्या असुराचे रक्त आणि त्यातला क्षार म्हणजे त्याचे मांस, असे मानतात. विज्ञानाप्रमाणे बसाल्टच्या खडकावर उल्का आदळून सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर झाले. जमीन एका आघाताने फाटली आणि उडाली, ही कल्पना दोन्हींत समान आहे. म्हणून शेजारी-शेजारी दोन चित्रे काढून खरे-खोटे असा निवाडा भिंतीवर मांडण्याची गरज मला दिसत नाही. एकच विवर काढा, कडेचे उडालेले दगड काढा, आणि वरून येणारा प्रकाश असा ठेवा की तो अंगठाही वाटावा आणि उल्काही. जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झाले होते. क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे ते घडले होते, तरी त्या दिवसांत आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना असुराचे रक्त आठवल्यावाचून राहिले नाही. पाण्यासाठी तो रंग वापरता येईल.

जागा कमी पडत असेल, तर मात्र लोणार गाळावे. वैनगंगेच्या गावाला यमुना पुरेशी आहे.

उत्तर : रंगकाम ठेकेदार, उमरेड

सर, कथा कोणतीही घ्या, पण नव्या गिलाव्यावर लगेच रंग लावू नका. सिमेंटचा गिलावा पाणी मारून झाल्यानंतरही पुरता सुकायला हवा. २८ दिवस हा आमचा किमान हिशेब आहे, आणि पावसाळ्यात त्याहून जास्त लागतात. काही मंडळी टिकाऊ म्हणून ऑइल पेंट सुचवतील, त्यांचे ऐकू नये. नव्या सिमेंटमधील अल्कली तेलाचा अक्षरशः साबण करते, रंग चिकट होतो आणि वर्षभरात पापुद्रे सुटतात. अल्कलीला दाद न देणारा बाहेरच्या भिंतीचा प्रायमर आणि त्यावर बाहेरचाच ॲक्रिलिक इमल्शन, हे त्यातल्या त्यात खात्रीचे.

रंग निवडताना गेरू, हिरमंजी (गडद तांबडा) आणि पिवडीवर (मातकट पिवळा) भर द्यावा. ही सारी लोहाची रंगद्रव्ये आहेत आणि मे महिन्याच्या उन्हातही ती उडत नाहीत. अजिंठ्यातही तांबडा आणि पिवळा याच जातीच्या मातीचा आहे. मात्र तेथील चित्रे भुसा व शेण मिसळलेल्या मातीच्या गिलाव्यावर, लेण्याच्या आडोशाला आहेत, म्हणून त्यांचा दाखला पश्चिमेच्या उघड्या भिंतीला लावता येणार नाही. ढगांसाठी अल्ट्रामरीन निळा वापरा. प्रशियन निळा अल्कलीत टिकत नाही. लोणार घेतलेच, तर भडक गुलाबी बाजारात मिळतो तो दोन उन्हाळ्यांत पांढरा पडेल, त्याऐवजी हिरमंजीत पांढरा मिसळून गुलाबी बनवा.

बाहेरच्या भिंतीवर पुट्टीचा जाड थर देऊ नका आणि वर छज्जा नसेल तर आधी तो घालून घ्या, नाहीतर ओघळ थेट चित्रावरून येतील. जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत पावसाचे शिंतोडे आणि चिखल उडतोच, तेवढा भाग गेरूचा साधा पट्टा म्हणून सोडावा आणि दरवर्षी पोळ्याच्या आधी पुन्हा रंगवून घ्यावा. वसुदेवाचे चित्र माझ्या मते आतल्या भिंतीवर घ्यावे, आणि पश्चिमेला ढग, बगळे व डोंगर ठेवावेत. तेथे रंग थोडा उडाला किंवा ओल आली तरी दुरुस्ती करणे सोपे जाते, चेहऱ्याची दुरुस्ती मात्र दुसऱ्या हाताला जमत नाही.